तेव्हाचं तेव्हा बघू

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटन घड्याळाचे काटे एक तास मागे घेतं. त्याच रात्री मागचा हिवाळा मेंदूतून पुसून टाकायचीही काहीतरी सरकारी सोय असावी. कारण त्यानंतर जो पहिला बर्फ पडतो, तो या बेटावर मानवी वस्ती झाल्यापासूनचा पहिलाच बर्फ असतो. बातमीदार महामार्गाच्या कडेला उभा राहून मूठभर बर्फ कॅमेऱ्याला पुरावा म्हणून दाखवतो. शाळा बंद होतात, दुकानांतला पाव आणि दूध संपतं आणि अगदी गरज असेल तरच बाहेर पडा, असं रेडिओ बजावू लागतो. मुंबईकरांनी यावर फार हसू नये. जुलै त्यांनाही दरवर्षी अचानकच गाठतो.

इथल्या मराठी माणसाला मात्र या सगळ्याच्या आधी, साधारण दिवाळीच्या सुमारास, एक प्रश्न पडतो : गाडीला हिवाळी टायर बसवावेत का? मंडळाचा फराळ आणि त्याहून लांबलेला गाण्यांचा कार्यक्रम आटोपून हॉलबाहेर यावं, तर गाडीच्या काचेवर दव गोठलेलं असतं. मग चकल्यांचे डबे काखेत धरून पुरुषमंडळी पार्किंगमध्ये घोळका करतात. अशा प्रत्येक घोळक्यात एकाचा मेहुणा म्युनिकला असतो. हा मेहुणा ऑक्टोबर ते ईस्टर न चुकता हिवाळी टायर वापरतो आणि आपण इथे रानटी अवस्थेत राहतो, असं त्याचं मत असतं.

मेहुण्याच्या या शिस्तीचं श्रेय मेहुण्याला देण्याचं कारण नाही. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असताना साध्या टायरवर गाडी काढणं बेकायदा आहे. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल आणि स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्ता हिवाळी झाला की टायरही हिवाळी लागतो. ब्रिटनचा कायदा या विषयावर गप्प आहे. त्याला चिंता फक्त नक्षीच्या खोलीची : टायरच्या मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत, पूर्ण गोलाईभर, किमान १.६ मिलिमीटर. कमी भरली तर टायरमागे अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन दंडगुण. चारही टायर गोटा झाले असतील तर दहा हजार पौंड, बारा गुण आणि पुढे बसचा पास. पण नक्षी १.७ निघाली, तर त्याच टायरवर जानेवारीतल्या पहाटे पेनाइन्सचा घाट चढायला निघण्याचं तुमचं स्वातंत्र्य अबाधित आहे. मॅग्ना कार्टाच्या देशात एवढं हवंच.

गंमत म्हणजे टायर हा मूळ इथलाच शोध. हवा भरलेल्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली घेतलं. नंतर सगळे ते विसरून गेले आणि १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने तोच टायर नव्याने शोधला. विसरण्याची परंपरा अशी जुनी आहे. बर्फासाठी निराळा टायर लागतो, हे मात्र १९३४ साली फिनलंडमधल्या एका रबर कारखान्याला सुचावं लागलं.

टायरवाले या सगळ्यात एकच आकडा जपतात : सात अंश सेल्सिअस. तापमान त्याखाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं, जसं पुण्याहून आणलेलं खोबरेल तेल इथल्या न्हाणीघरात बाटलीतच बसून राहतं. हिवाळी टायरच्या रबरात नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त असते, त्यामुळे ते गारठ्यातही मऊ राहतं. शिवाय नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फात दात रोवतात. खरा हिवाळी टायर ओळखायचा तो कडेवरच्या तीन शिखरांच्या डोंगरावरून आणि त्यातल्या हिमकणावरून. ही सगळी माहिती बरोबर आहे. पंचाईत एवढीच, की सात अंश हा आडाखा आहे, बटण नव्हे. आणि लंडनच्या जानेवारीतलं दुपारचं तापमान सरासरी आठ अंशांच्या आसपास रेंगाळतं. म्हणजे कामाला जाताना हिवाळी टायर बरोबर, जेवणाच्या सुट्टीत उन्हाळी बरोबर, परतताना पुन्हा हिवाळी. ओल्या रस्त्यावर पारा जरा वर चढला की चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरपेक्षा आधी थांबतो, हेही खरं. वाद मिटू नये अशा बेताने देवाने हे हवामान बनवलं आहे.

आता बर्फ किती पडतो ते पाहू. हवामान खात्याच्या १९८१ ते २०१० या तीस वर्षांच्या सरासरीनुसार ब्रिटनमध्ये वर्षाला १५.६ दिवस जमिनीवर बर्फ असतो, स्कॉटलंडमध्ये २६.२ दिवस, आणि त्यातला बराचसा डोंगरमाथ्यावर, जिथे मेंढ्या राहतात. मेंढ्यांना टायर लागत नाहीत. लंडनकडच्या स्लाउ किंवा हॅरोच्या वाट्याला बहुधा शेवटचे सहा दशांश येतात आणि तेही दुपारच्या चहापर्यंत वितळून जातात. नाताळात बर्फ पडणार का यावर इथे पैजा लागतात. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कुठेही एक हिमकण पडताना दिसला, की तो शुभ्र नाताळ! ज्या देशात एका कणावर सण साजरा होतो, तिथे चार टायर विकणं सोपं काम नाही.

तरीही अधूनमधून हा कण संख्येने वाढतो, आणि मग अवघा देश रस्त्यावर येतो. म्हणजे रस्त्यावर अडकतो. १९९१च्या फेब्रुवारीत भुसभुशीत कोरडा बर्फ रेल्वेच्या विजेच्या मोटारींत शिरला, आगगाड्या बंद पडल्या आणि हा चुकीच्या प्रकारचा बर्फ आहे, असा खुलासा देशाच्या कायमचा लक्षात राहिला. (एवढाच लक्षात राहिला.) २ फेब्रुवारी २००९ला बर्फामुळे लंडनच्या बसगाड्या झाडून सगळ्या बंद करण्यात आल्या, महायुद्धात बॉम्ब पडताना धावलेल्या त्या बसगाड्या. २०१०चा डिसेंबर तर शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत थंड निघाला. हीथ्रो विमानतळ बंद पडला, ग्लासगो-एडिंबरा दरम्यानच्या एम-८ महामार्गावर लोकांनी गाड्यांत कुडकुडत रात्र काढली आणि आठवड्याच्या आत स्कॉटलंडच्या परिवहन मंत्र्यांनी राजीनामा दिला. हिवाळी टायरांचा तुटवडा पडला तो तेव्हा. ज्यांना मिळाले त्यांनी ते बसवले, आणि पुढचा हिवाळा तसा सौम्यच गेला.

स्कॉटलंडने नंतर धडा घेतला, असं म्हणता येईल. रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या ट्रकना आता जनतेने सुचवलेली नावं देतात : ग्रिटनी स्पिअर्स, सर अँडी फ्लरी, सर सॉल्टर स्कॉट. कुठला ट्रक कुठे आहे हे नकाशावर घरबसल्या पाहता येतं. एम-८वर पुन्हा रात्र काढायची वेळ आलीच, तर निदान मदतीला कोण येत नाहीये हे नावानिशी कळेल.

आता गृहीत धरू, की एखाद्याने हे सगळं ऐकून मेहुण्याचा सल्ला मानला. पहिला प्रश्न : काढलेले टायर ठेवायचे कुठे? लंडनच्या चाळवजा घरांना गॅरेज नसतं. असलंच तर त्यात गाडी सोडून सगळं असतं. राहते ती माडीवरची छोटी खोली. पण पुण्याचे आई-बाबा व्हिसाचे सहा महिने वसूल करायला एप्रिलमध्ये येतात, आणि नेमके तेव्हाच हिवाळी टायर गाडीवरून उतरून त्याच खोलीत मुक्कामाला जातात. काही गॅरेजवाले पैसे घेऊन टायर सांभाळतात, त्याला टायर हॉटेल म्हणतात. बाबांना हे सांगून पाहावं. टायर हॉटेलात उतरतात आणि मुलगा आपल्याला विमानतळावरून आणायला मेट्रोने येतो, याचा ते योग्य तो अर्थ काढतील.

दुसरा प्रश्न विमा कंपनीचा. एकेकाळी काही विमा कंपन्या हिवाळी टायरला गाडीतला फेरफार मानत आणि जास्त पैसे मागत. गाडी आधीपेक्षा सुरक्षित केल्याची कबुली द्यायची आणि त्याचा दंड भरायचा, असा तो व्यवहार. ओरड झाल्यावर विमा कंपन्यांच्या संघटनेने यादीच काढली : कोणाला कळवायचं, कोणाला नाही. आता बहुतेकांना जास्तीचे पैसे नकोत, पण काहींना कळवावं लागतं. गुळगुळीत होत आलेल्या १.७ मिलिमीटरच्या टायरबद्दल मात्र कोणी फोनची अपेक्षा करत नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, आणि ती पैशांनी सुटत नाही. टायर तुमचे, चढ सगळ्यांचा. तुम्ही हिवाळी टायर लावून शांतपणे चढावर येता, आणि समोर एक अवाढव्य फोर बाय फोर आडवी झालेली असते. तिच्या मालकाची अशी समजूत असते की चारही चाकांना जोर असला की बर्फाची मात्रा चालत नाही. निघायला चारही चाकं उपयोगी पडतात हे खरं. थांबताना चारही मिळून घसरतात. ताशी ३० मैल वेगाला कोरड्या रस्त्यावर थांबायला २३ मीटर लागतात, बर्फाळ रस्त्यावर हेच अंतर दहापट होऊ शकतं, असं इथलं वाहतूक नियमांचं पुस्तकच सांगतं. ते पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं असतं. तर तुमचे उत्तम टायर आता त्या गाडीमागे रांगेत उभे राहतात. तुमच्या मागे कोण येतोय आणि त्याची नक्षी किती, हे आरशात दिसत नाही.

यातूनही सुटून घरी पोचलात, की गल्लीत बातमी पसरते. आठ वर्षांत हवामानापलीकडे न बोललेला शेजारी दार ठोठावतो : तुमच्या गाडीला ते टायर आहेत म्हणे? मग त्याचं दूध, पलीकडच्या आजींची औषधं आणि कोपऱ्यावर राहणाऱ्या नर्सबाईंची रात्रपाळी. नर्सबाईंना सोडायला जावंच, त्यात प्रश्न नाही. दूध तो चालत जाऊन आणू शकतो.

आणि तरी देश हे टायर का बसवत नाही, याचं खरं कारण खर्च नाही, खोली नाही, विमाही नाही. हिवाळी टायर बसवले की ऑफिसला जावं लागतं. ब्रिटिश माणसाला वर्षातून एखादी सुट्टी आकाशातून मिळते. ती स्वतःच्या पैशाने कोण रद्द करून घेईल? यॉर्कशायर डेल्समधला टॅन हिल इन हा ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब, ५२८ मीटरवर. २०२१च्या नोव्हेंबरात आर्वेन वादळाच्या बर्फात साठेक माणसं तिथे तीन रात्री अडकली. सोबत ओएसिसची गाणी वाजवणारा नोएसिस नावाचा बँडही अडकला. बिअर होती, शेकोटी होती, गाणी होती, आणि सोमवारी रस्ता मोकळा झाला तेव्हा काहींचा पाय निघत नव्हता. या प्रसंगाचा हिवाळी टायरच्या बाजूने युक्तिवाद म्हणून वापर करून पाहा.

अॅबरडीनशायरच्या डोंगरात राहणाऱ्याने, पेनाइन्स ओलांडून पहाटे ड्यूटीवर जाणाऱ्याने आणि आणीबाणीत ज्याची वाट पाहिली जाते अशा प्रत्येकाने नोव्हेंबरात मुकाट्याने हिवाळी टायर लावावेत; तिथे विनोदाला जागा नाही. लंडनच्या आसपासच्यांसाठी बाजाराने मधला मार्ग काढला आहे : ऑल-सीझन टायर. मिशेलिनने २०१५ साली क्रॉसक्लायमेट आणल्यापासून त्याला बरीच प्रतिष्ठा आली. डोंगर-हिमकणाची खूण त्याच्यावरही असते, पण तो बारा महिने चालतो. कडक उन्हात उन्हाळी टायरइतका चांगला नाही, दाट बर्फात हिवाळी टायरइतका नाही. पण इथे ना कडक ऊन, ना दाट बर्फ. माडीवरची खोली मोकळी राहते. आम्ही तेच घेतले. मेहुणा नाराज आहे.

फक्त ऑफिसात कोणी विचारलं, तर आमच्या गाडीला साधे उन्हाळी टायर आहेत आणि आमच्या गल्लीला चांगलाच उतार आहे, एवढं ध्यानात ठेवा.