राहण्याजोगं तळघर

राजूरच्या आमच्या घराला तळघर आहे, ही गोष्ट पाहुण्यांपुढे काढायची नाही, असा घरात नियम होता. कारण उघड आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एका पीठाच्या गावात घर असलं की चतुर्थीला नातेवाइकांचा महापूर येतो. अंगारकीला तर माणसं जालन्याहून २५ किलोमीटर रात्रभर चालत येतात, आणि चालत आलेल्या माणसाला ‘पाणी पिऊन निघा’ म्हणता येत नाही. तरी वर जागाच नसल्यानं दर्शन, साबुदाणा आणि दुपारची एसटी, असा शिरस्ता पडला होता.

घोटाळा माळवदानं केला. म्हणजे माळवद काढण्यानं. हातभर मातीचं ते छत दर पावसाळ्यात गळायचं, म्हणून वडिलांनी स्लॅब टाकला. जालन्याच्या सळया, एकदम मजबूत काम. तेव्हापासून पाणी गळायचं थांबलं आणि मे महिन्यात माणसं गळायला लागली. शेवटी सगळ्यांचं लक्ष खाली गेलं.

खाली म्हणजे ओसरीतली फळी उचलून शिडीनं उतरायचं. तिथं पूर्वी ज्वारी असायची. निजामाच्या लेव्हीवाल्यांना ती दिसू नये, हा एक हेतू. रझाकारांच्या काळात आजोबा भूमिगत होते, असं आमच्याकडे अभिमानानं सांगतात. तळघरात होते, एवढा तपशील फक्त आजी पुरवायची. उतरण्याआधी कंदील सोडून बघायचा, हा तिचाच दंडक. कोंडलेलं धान्य हवेतला प्राणवायू खातं. कंदील विझला तर माणसानंही उतरायचं नसतं.

फरशीसाठी जमीन उकरायला घेतली आणि गल्ली गोळा झाली. भोकरदन तालुक्यात कुणी फावडं मारलं की लोकांना धन दिसतं. त्यात लोकांचाही दोष नाही. भोकरदन हे सातवाहनांच्या वेळचं भोगवर्धन; तिथल्या उत्खननात हस्तिदंती मूर्ती निघाली आणि तिच्यासारखीच एक थेट इटलीत पॉम्पेईला सापडलेली आहे. शेजारच्या वकिलांनी बजावलं, “१८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही निघालं तर कलेक्टरला कळवायचं.” आमच्याकडे एक फुटका रांजण आणि एक चप्पल निघाली. चप्पल दहा रुपयांच्या आत होती.

खरा वाद पेटला तो ओलीवरून. मिस्त्री म्हणाले, “सर, भिंत पाणी पिऊ राहिली. केमिकल मारा.” इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, पाणी बाहेरून येतच नाही, पावसाळ्यातली दमट हवा गार भिंतीला लागते आणि तिचं पाणी होतं. खिडक्या उघडाल तेवढी ओल वाढेल. त्यानं भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवला. खोलीकडून थेंब आले तर हवा दोषी, मागून आले तर भिंत. दुसऱ्या दिवशी थेंब दोन्हीकडून होते. दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं आणि दोघांचेही खर्च माझ्याकडे आले.

त्यातल्या त्यात मिस्त्रींचं एक म्हणणं शंभर नंबरी निघालं. दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा नको, चुन्याचाच हवा. सिमेंट आतली ओल कोंडतं आणि मग खपल्या पडतात. तेवढं ऐकलं. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत हौदाच्या खाली अख्खं दालन आहे, डोक्यावर पाणी असून ते उन्हाळ्यात गार राहतं. मग आपल्याला एक खोली साधेना?

साधली. पायऱ्या झाल्या, एक्झॉस्ट फॅन बसला, रस्त्याच्या पातळीवरचा जुना झरोका जाळी लावून मोठा केला. मग हक्कदार उगवले. मुलाला एमपीएससीची अभ्यासिका हवी होती, बायकोला पापड-कुरडयांचे डबे ठेवायचे होते. आईनं कुणाशी चर्चा केली नाही. सरळ आपली खाट खाली नेली. झरोक्यातून फक्त पाय दिसतात, पण तिला तेवढे पुरतात. कोणाची टाच भेगाळलेली, कोण पाय ओढत चालतं, सगळं पाठ. पाहुणा दारात पोचायच्या आत खालून हुकूम येतो, “चहा टाक, जाफराबादचे आले.”

आणि पाहुणे? पहिल्या चतुर्थीला साडू खाली जरा आडवे झाले. चंद्रोदय झाला, आम्ही उपास सोडला, त्यांची शेवटची एसटी गेली. वरती बेचाळीस आणि खाली पांघरूण घ्यावं अशी हवा, कोण उठवणार? पुढच्या खेपेला त्यांचे भाऊ आले. त्यांच्यामागून भावाचे व्याही. सगळे आधी गणपतीला जायचे, आता आधी तळघरात उतरतात आणि दर्शनाचं ‘उन्हं कलली की बघू’ म्हणतात. बाप्पा टेकडीवर, भक्त जमिनीखाली.

परवा चतुर्थीला अजून चार दिवस होते. मी वर्तमानपत्र वाचत होतो. खालून आईचा आवाज आला, “साडू आले रे तुझे. गादी टेकवली रस्त्यावर. स्वतःची आणलीय या खेपेला.”