मुक्काम पोस्ट महामार्ग

मुंबईहून कोकणात उतरण्याचे मार्ग तीन. पैकी बंदराबंदराला माणसे उतरवीत जाणारी जुनी बोट केव्हाच इतिहासजमा झाली. आगगाडीचे गणपतीतील आरक्षण पापणी लवण्याच्या आत सुरू होऊन संपते. आणि म्हणून आमच्यासारख्या आळशी चाकरमान्याच्या वाट्याला पनवेलपासून थेट कन्याकुमारीपर्यंत गेलेला, पूर्वी 17 व आता 66 हा क्रमांक धारण करणारा राष्ट्रीय महामार्ग तेवढा उरतो. क्रमांक बदलण्याचे काम या मार्गावर निर्विघ्न पार पडले, ही गोष्ट कृतज्ञतापूर्वक नमूद करूनच पुढील वर्णनास हात घालणे न्यायाचे होईल.

पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरांच्या चौपदरीकरणास 2011 साली आरंभ झाला. (हे इंदापूर माणगावच्या अलीकडचे, पुणे जिल्ह्यातील इंदापूरला या प्रकरणात गोवू नये.) त्या साली जे बालक आईच्या मांडीवर बसून गावच्या गणपतीला निघाले होते, ते आज मिसरूड फुटलेल्या अवस्थेत माझ्या पुढच्या आसनावर बसून, वडखळ ओलांडताच ज्या मुरब्बी सावधपणे पाण्याची बाटली दोन्ही गुडघ्यांत आवळून धरते, तो सावधपणा पाहिला म्हणजे या रस्त्याने एक अख्खी पिढी घडविली याविषयी संशय राहत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर दरसाल गणपतीपूर्वी रस्ता सुस्थितीत येण्याची ग्वाही मिळते, आणि अनंत चतुर्दशीला गणरायाबरोबर त्या मुदतीलाही पुढच्या वर्षी लवकर येण्याचे आमंत्रण देऊन निरोप दिला जातो.

विलंबाची कारणे विचाराल तर ती भरपूर आहेत आणि त्यांतली बरीचशी खरीही आहेत. डोंगर फोडायचे, खाड्या ओलांडायच्या, चार महिने आभाळ फाटलेले, ठेकेदार बदलायचे, पुन्हा निविदा काढायच्या, मध्येच जनहित याचिकेच्या निमित्ताने उच्च न्यायालयापुढे कैफियत मांडायची. आणि या सर्वांवर ताण म्हणजे कोकणातला सातबारा. दोन गुंठ्यांच्या वरकस तुकड्यावर पणजोबांपासूनची सामाईक नावे, त्यांतली निम्मी कैलासवासी, उरलेली लालबाग ते डोंबिवली पसरलेली, आणि मोजणीवाले बांधावर उभे राहीपर्यंत त्या तुकड्याकडे ढुंकूनही न पाहिलेल्या सर्वांना, मोबदल्याची नोटीस निघताच, वडिलोपार्जित मातीविषयी एकाएकी दाटून आलेला उमाळा! हरकतीच्या अर्जांनी प्रांतसाहेबांचे दफ्तर फुगले नसते तरच नवल.

परंतु हेच डोंगर, हाच पाऊस आणि हेच भाऊबंद समोर असताना, 1990 साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वेच्या महामंडळाने सुमारे 740 किलोमीटरांचा लोहमार्ग नव्वदाहून अधिक बोगद्यांसह पुरा करून 1998 च्या जानेवारीत सबंध मार्ग गाड्यांना खुला केला, हे पाहता सगळा दोष पावसाच्या माथी मारणे मला प्रशस्त वाटत नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे मर्म निराळेच आहे. अर्धवट रुळांवरून आगगाडी जात नाही. अर्धवट रस्त्यावरून माणूस मात्र जातो. ‘वळण रस्ता’ असे लिहिलेला बाणाचा पत्रा उभा केला, की तो निमूटपणे चिखलात उतरतो, शिव्या मोजतो, पुन्हा वर चढतो. आणि रहदारी चालू आहे तोवर काम थांबल्याची बोच शिव्या मोजणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला म्हणून लागत नाही.

माणगावच्या बाजारपेठेत आमची एसटी उभी राहिली, ती एखाद्या कार्यालयातील फाइलीप्रमाणे. पाऊण तासात वडापाव, उकडलेल्या शेंगा, राजकारण व दोन सोयरिकींची प्राथमिक बोलणी इतके विषय गाडीत उरकले. माझ्या शेजारचे कुडाळकडील एक वृद्ध गृहस्थ तेवढे या सर्वांपासून अलिप्त राहून, पनवेलपासून एका लयीत डोलत, गाढ झोपले होते.

महाडला गाडीतला गलबला आपोआप कमी झाला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतला पूल पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्यांतली माणसेही गेली. तेथे विनोद करू नये. नवा पूल पुढच्या जूनमध्ये, म्हणजे वर्ष भरण्यापूर्वीच, उभा राहिला, एवढे मात्र मी मनाशी टिपून ठेवले.

पुढे कशेडी. ज्या घाटाने पिढ्यानपिढ्यांच्या पोटातला नाश्ता बाहेर काढला, तो आता सुमारे दोन किलोमीटरांच्या बोगद्याने वगळला गेला असून, खिडकीसाठी भांडण्याचा मुख्य आधारच नाहीसा झाला आहे. परशुराम घाटात दरड कोसळू नये म्हणून 2022 च्या उन्हाळ्यात डोंगर कापण्यासाठी रोज काही तास रस्ता बंद ठेवावा लागला होता. ज्या भार्गवाने एका बाणात समुद्र हटवून हे सबंध कोकण संपादन केले, त्याच्या मंदिराच्या पायथ्याशी हे घडावे! अर्थात त्याच्यापुढे समुद्र हा एकच हितसंबंधी होता, आणि त्याने हरकत घेतली नाही.

कणकवली येईतो चांगले उजाडले होते, आणि चाकांखालचा रस्ता खरोखरीच महामार्ग झाला होता: काँक्रीटचा, रुंद, सरळ. गाडीतले संभाषण त्यासरशी संपले. माणसे मोबाइलमध्ये शिरली. शेजारचे गृहस्थ मात्र दचकून जागे झाले.

“काय झालं, काका?” मी विचारले.

“गाडी हलाची थांबली,” ते त्रासून म्हणाले. “धक्के बसले की माका बरी झोप लागता. हय खंयची झोप?”

मग खिडकीची काच सरकवून त्यांनी रस्त्यावरून एक मालकी हक्काची नजर फिरविली, खिशातून चौपदरी घडीची जीर्ण नोटीस काढून माझ्या मांडीवर पसरली आणि आपले नाव ज्या ओळीत होते त्या ओळीवर बोट ठेवले.

“ही जी डावी बाजू आसा ना, ती माझी. उजवी चुलतभावाची.”

“मोबदला मिळाला?”

“माका गावलो. तेची बाजू अजून कोर्टात आसा.” एवढे सांगून त्यांनी नोटीस पुन्हा घडी केली, आणि परतीच्या प्रवासात गाडी चुलतभावाच्या बाजूने जाणार असल्यामुळे, निघण्यापूर्वी पुढची तारीख कधी आहे याची चौकशी करून मगच तिकीट काढावे, असा मला पोक्त सल्ला दिला.