तिसऱ्या पंपाचे तात्या

तात्यांच्या पिकअपला ब्रेक नाहीत असं कुणी म्हटलं की तात्या भडकतात. ब्रेक आहेत, फक्त तिसऱ्या पंपाला लागतात. पहिल्यांदा पॅडल थेट खाली टेकतं, दुसऱ्यांदा अर्ध्यावर अडतं आणि तिसऱ्यांदा गाडी, मध्ये कुणी आलं नाही तर, व्यवस्थित उभी राहते. नव्या ड्रायव्हरला ते किल्लीबरोबर एवढंच सांगतात, “माणूस दिसल्यावर नाय मारायचा पंप. दिसायच्या आधी मारायचा.”

नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरायचे, माळशेज उतरायचा आणि पहाटे वाशी मार्केट गाठायचं, हा या गाडीचा धंदा. तात्या गाडीवर खर्च करत नाहीत असं नाही. केबिनला झालर आहे, हॉर्न सुरेल आहे, लिंबू-मिरचीला खाडा नाही. ब्रेक ऑइल मात्र कमी झालं की वरून ओतायचं. कधी बदलायचंही असतं, हे त्यांना मान्य नाही. बाकी प्रत्येक तक्रारीला उत्तर तयार. गाडी डावीकडे ओढते? रस्त्यालाच ढाळ आहे. मागच्या उजव्या चाकाला आतून ओल दिसते? दव पडलं असेल. मे महिन्यात, भर दुपारी.

शेवटी ड्रायव्हरच गाडी गॅरेजला घेऊन गेला. मागोमाग तात्या. मिस्त्रीने ते उजवं चाक खोललं, ड्रम काढला. लायनर तेलात भिजून काळा झालेला.

“तात्या, व्हील सिलिंडर गळतोय. हे चाक धरतच नाय, म्हणून गाडी डावीकडं जाते. आन् हे ऑइल बघा. हवेतलं पाणी ओढतं हे. घाटात तापलं की पाण्याची वाफ होते, मग दाबा कितीबी, पॅडल पोकळच.”

“घाटात ब्रेक मारतंय कोण? खालचा गिअर हाय की,” तात्या म्हणाले.

यात अर्धं खरं आहे, आणि तात्यांचं सगळं आयुष्य त्या अर्ध्यावर चाललंय. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. पण वळणावर म्हैस आडवी आली तर गिअर काय करणार?

सिलिंडर आणि लायनर नवे बसले, ऑइल बदललं. मग लाइनमधली एअर काढायला पंप मारणारा माणूस हवा होता. तात्या रुबाबात सीटवर चढले. “मारा, मारा... धरा!” खालून मिस्त्रीने निप्पल ढिला केला, बुडबुडे निघाले आणि तेवढ्यात तात्यांना फोन आला. त्यांनी पाय उचलला. गेलेली हवा परत आत. मिस्त्री जे बोलला ते छापण्यासारखं नाही.

संध्याकाळी तात्यांनी गाडी फिरवून आणली आणि तक्रार केली, “लईच लागतोय रे. थोडा ढिला कर.”

मिस्त्रीने ऐकलं नाही. तात्यांची सवयही गेलेली नाही. माणूस दिसायच्या कितीतरी आधी ते पंप मारतात. तेव्हा माळशेजच्या रस्त्याला झालरवाली पिकअप पुढे दिसली तर अंतर ठेवा. ती आता पहिल्याच पंपाला जागच्या जागी थांबते.