श्रीॲव्हरेज-माहात्म्य

जुनी मारुती ८०० बाळगणाऱ्याला कुणी इंजिनाची तब्येत विचारत नाही, ब्रेक लागतात का हेही विचारत नाही. 'ॲव्हरेज किती देते?' एवढंच विचारतात. आणि उत्तर अठराच्या खाली उतरलेलं कुणी ऐकलेलं नाही. गाडी गेला आठवडाभर बॅटरी उतरून दारात उभी असली, तरी मालकाच्या तोंडी ती लिटरला बावीस देतच असते.

ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन घेऊन. आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज जी धावते ती बरीचशी पंधरा वर्षं ओलांडलेली. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्याने करायला पूर्वी सहाशे रुपये लागत; एप्रिल २०२२ पासून त्याचे पाच हजार झाले. त्यात पेट्रोल लिटरला शंभरच्या वर. हा खड्डा भरून काढायला मालकवर्ग ज्या उपासना करतो, त्यातूनच या पंथाचे निरनिराळे संप्रदाय जन्माला आले.

सर्वांत ज्येष्ठ तो न्यूट्रल संप्रदाय. उतार दिसला की याचा हात आपोआप गिअरकडे जातो. 'फुकट चाललीय बघा!' असं तो मागच्या सीटवरच्या पाहुण्यांना सांगतो. पाहुणे देवाचं नाव घेतात. आता, साधारण २००० नंतरच्या ८०० ला कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोलचा पुरवठाच बंद होतो. इंजिनाला चाकं फिरवत राहतात. न्यूट्रल केलं की चाकांशी नातं तुटतं आणि बंद पडू नये म्हणून इंजिन पेट्रोल मागतं. म्हणजे ज्या उतारावर गाडी खरोखर फुकट चालली असती, तिथे हा गृहस्थ पैसे मोजून न्यूट्रल करतो. कार्ब्युरेटरवाल्याचे चार थेंब वाचत असतील, पण मग गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, आणि लांबच्या घाटात तापलेले ब्रेक ऐन वळणावर रजेवर जातात. या संप्रदायातले कडवे लोक तर चावीच बंद करतात. त्यांनी पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना नोव्हेंबर २०२२ आठवावा. तिथे एका ट्रकने कित्येक गाड्या ठोकरल्या, आणि डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तपासात पुढे आलं.

दुसरा पहाट संप्रदाय. यांचं म्हणणं, पहाटे पेट्रोल थंड आणि घट्ट असतं, म्हणून लिटरमध्ये जास्त बसतं. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं, हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथे पहाट आणि दुपार यांत फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त यांच्या झोपेत. याच संप्रदायाची एक शाखा शंभरऐवजी एकशे दहाचं टाकायला सांगते. शंभराच्या आकड्यात पंपवाल्यांनी काहीतरी करून ठेवलेलं असतं म्हणे. दुसरी शाखा शहराच्या त्या टोकाच्या पंपावर जाते, कारण तिथे लिटरमागे पन्नास पैसे कमी. वीस लिटर भरले की दहा रुपये सुटतात. जाऊन-येऊन बारा किलोमीटर होतात आणि त्यात ऐंशीएक रुपयांचं पेट्रोल जातं. पण ते गाडीने खाल्लं. दहा रुपये मात्र यांनी वाचवले.

तिसरा चौथ्या गिअरचा संप्रदाय. 'वरच्या गिअरला ॲव्हरेज मिळतं' हे वाक्य यांनी ऐकलं आणि तिथेच ऐकणं थांबवलं. स्पीडब्रेकरवरून ही मंडळी चौथ्यातच जातात. गाडी थडथडते, डॅशबोर्डवरचा गणपती नाचू लागतो, तरी गिअर उतरत नाही. उलट ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला जातो. गिअर लवकर चढवावा हे बरोबर, पण इंजिन कण्हायला लागण्याआधी उतरवावाही. आणि डावा पाय? तो क्लचवर कायमचा मुक्कामाला. चढावर सिग्नल लागला की हँडब्रेक न ओढता गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची, यालाच इकडे ड्रायव्हिंग म्हणतात. क्लचप्लेट बदलताना मेकॅनिक जे बिल देतो, ते मात्र ॲव्हरेजच्या हिशोबात कुणी धरत नाही.

आता ज्याने खरंच पेट्रोल वाचतं, त्याला एकही संप्रदाय नाही. टायरमधली हवा घ्या. किती ठेवायची ते कंपनीने लिहून दिलेलं असतं. ते वाचलेला मालक दाखवा आणि बक्षीस मिळवा. हवा कमी झाली की टायर रस्त्याला चिकटत चालतं आणि इंजिन त्याला ओढत बसतं. तुंबलेला एअर फिल्टर, काळे पडलेले प्लग, अलाइनमेंट गेलेली चाकं यांचंही तेच. मग डिकी. साडेसहाशे किलोची ही गाडी. तिच्या डिकीत गेल्या सहलीची सतरंजी, पाण्याचा कॅन, रद्दीवाल्याने नाकारलेली रद्दी आणि आत्याकडे पोचवायचं राहिलेलं तांदळाचं पोतं. टपावर कॅरियर, त्यावर काही नसलं तरी वारा अडवायला पुरेसं. त्या कॅरियरसकट हायवेवर नव्वदने हाणायची. वेग साठचा नव्वद झाला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. पण कालच्या पोराने ओव्हरटेक केल्यावर भौतिकशास्त्र कोण पाळतो?

खऱ्या बचतीला संप्रदाय नसण्याचं कारण उघड आहे. 'घाटात न्यूट्रल मारून पंचवीस काढलं' हे लग्नाच्या पंगतीत सांगता येतं. 'मी हवा तपासतो आणि साठच्या वर जात नाही' असं सांगितलं, तर शेजारचा पाटावर पाठ फिरवतो. आपल्याला बचत नको आहे, बचतीची गोष्ट हवी आहे.

गोष्टी सांगण्यात आपण एकटे नाही. नव्या गाडीच्या जाहिरातीतला आकडा पाहा. पुण्याच्या कोथरूडमधल्या ज्या एआरएआय टेकडीवर लोक फिरायला जातात, त्याच नावाची संस्था तो आकडा प्रमाणित करते. चाचणीत गाडी रोलरवर उभी असते. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. एसी बंद, खड्डे नाहीत, मध्येच रिक्षा घुसत नाही. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सात वाजताही गाडी जागची हलत नाही, पण तिथला आकडा जाहिरातीत घेत नाहीत.

सरकारनेही आपला वाटा उचलला आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि लिटरला इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की, बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्क्यांपर्यंत जुळवून घेतलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल. आपण घाटात जीव धोक्यात घालून दोन टक्के वाचवायचे आणि नळीतून सहा टक्के निघून जायचे! इथेनॉलसाठी ऊस पिकवणाऱ्याला चार पैसे मिळाले तर आनंदच आहे. फक्त लिटरचा दरही सहा टक्क्यांनी पातळ केला असता, तर गोडवा आमच्यापर्यंतही पोचला असता.

तेव्हा वाचकहो, हवा तपासा, डिकी रिकामी करा, टपावरचं कॅरियर उतरवा, डावा पाय क्लचवरून खाली ठेवा आणि उतारावर गाडी गिअरमध्येच राहू द्या. गार इंजिन पहिल्या किलोमीटर-दोन किलोमीटरला सगळ्यात जास्त पेट्रोल पितं, म्हणून कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायला गाडी काढू नका. पायी जा.