उठणं, निघणं, परतणं, निजणं

मिनियापोलिसहून कुणी मुंबईला येणार असलं की आमचा मुलगा त्याच्या बॅगेत आमच्यासाठी काहीतरी कोंबतो. बहुधा बदाम असतात, सांधेदुखीच्या गोळ्या असतात, आणि एकदा तर हळद आली होती, तीही बाटलीवर ‘भारतीय’ असं लिहिलेली. या एप्रिलमध्ये एक छोटी पांढरी डबी आली. शिकेकाईच्या वडीएवढी, गुळगुळीत, अंगावर एकही बटण नाही. ज्या वस्तूला बटण नाही तिच्याशी कसं वागावं हे माझ्या पिढीला कळत नाही. अबोल व्याह्यासमोर बसल्यासारखं होतं. “बाबा, हा तुमच्या एसीचा थर्मोस्टॅट समजा,” मुलगा फोनवर म्हणाला. “एकदा वेळापत्रक भरलं की एसी आपापला चालेल. तुम्हाला रिमोट शोधायला नको.” रिमोट शोधणं हा आमच्या घरातला एकमेव व्यायाम आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

थर्मोस्टॅट हा शब्द मला त्याच्याच घरी नीट कळला. तीन वर्षांपूर्वी आम्ही जानेवारीत तिकडे गेलो होतो. बाहेर उणे वीस, आणि आत दिवाणखान्याच्या भिंतीवर, आपल्याकडे जिथे देवाची तसबीर असते अशा जागी, एक गोल काच. तिच्यावर आकडा ६८. फॅरनहाइटचा हिशेब लक्षात येईपर्यंत मी त्या आकड्याकडे जरा भीतीनेच पाहत होतो, कारण आपल्याकडे ६८ अंशांचं पाणी अंगावर घेतलं तर कातडी सोलून निघेल. प्रत्यक्षात ते आपले २० अंश. पनवेलच्या माणसाला २० अंश म्हणजे संकटच. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं पाहून मी तो आकडा हळूच ७२ वर नेला. पाचव्या मिनिटाला मुलाचा ऑफिसातून फोन. “बाबा, बहात्तर कुणी केलं?” लहानपणी फडताळातल्या डब्यातला लाडू काढताना मागून आवाज यावा तसं झालं. मी मुकाट्याने ६८ वर आणला आणि दोन स्वेटर घालून बसलो.

तिकडे या यंत्राचं काम ऊब राखण्याचं. आम्हाला ऊब राखावी लागत नाही. ती खाडीकडून, डांबरी रस्त्यावरून, समोरच्या टॉवरच्या काचांवरून घरपोच येते, आणि मे महिन्यात तर तिला दार उघडावंही लागत नाही. त्यामुळे तेच यंत्र पनवेलला आलं की त्याला उलट्या बाजूने संसार करावा लागतो.

पहिला प्रश्न जागेचा. माहितीपत्रक म्हणत होतं की डबीवर ऊन नको, एसीचा झोत नको, आणि एसीचं तोंड मात्र तिला समोर दिसलं पाहिजे. नव्या सुनेला माहेरचा फोटो दिसेल पण सासूची नजर पडणार नाही अशी जागा शोधण्यासारखंच हे. मधल्या खोलीत अशी जागा एकच निघाली, आणि तिथे कालनिर्णय टांगलेलं होतं. “अहो, ते हलायचं नाही,” आतून आवाज आला. तिचं म्हणणं चूक नव्हतं. जयंत साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं हे कॅलेंडर आमच्याकडे पहिल्या काही वर्षांपासून आहे, आणि घर आपोआप चालवण्याचं काम तेव्हापासून तेच करत आलं आहे. नव्या डबीला फक्त सोमवार ते रविवार कळतात. कालनिर्णयाला संकष्टी कळते, एकादशीला साबुदाणा भिजवायचा हे कळतं, अमावास्या कळते, आणि चौकोनातल्या पेन्सिलीच्या खुणांवरून सिलिंडर कधी लावला आणि दूधवाला किती दिवस आला नाही तेही कळतं. शेवटी डबी कॅलेंडरच्या खाली चिकटवली. आता पंख्याच्या वाऱ्याने पान उडालं की डबीच्या तोंडावर पदर येतो आणि तिला एसी दिसेनासा होतो. म्हणून कालनिर्णयाच्या दोन्ही कोपऱ्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले आहेत. अमेरिकन यंत्राच्या जोडणीत हे दोन चिमटे आम्ही आमच्या पदरचे घातले.

जोडणी खरं तर शेजारच्या अकरावीतल्या मुलीने केली. तिने माझा फोन घेतला, ॲप उतरवलं, माझ्या नावाने खातं उघडलं आणि मला मेल आला की मी खरोखर मीच आहे का. मी होय म्हटलं. मग बराच वेळ काहीच होईना. “आजोबा, तुमचा वायफाय पाच गीगाहर्ट्झवर आहे. याला दोन पॉइंट चारच चालतो.” मलाही पातळच वरण चालतं, त्यामुळे डबीबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. मग तिने खोलीचं नाव विचारलं. यादीत बेडरूम होतं, लिव्हिंग रूम होतं, मास्टर बेडरूम होतं. आमच्या दोन खोल्यांच्या मधल्या या खोलीला यातलं एकही नाव शोभेना. मुलीने स्वतःच ‘मधली खोली’ असं देवनागरीत लिहिलं आणि यंत्राने ते कुरकुर न करता मान्य केलं.

खरी पंचाईत पुढे झाली. पडद्यावर चार कप्पे आले: वेक, लीव्ह, रिटर्न, स्लीप. उठणं, निघणं, परतणं, निजणं. प्रत्येकासमोर वेळ घालायची आणि तापमान घालायचं. अमेरिकेतल्या ‘एनर्जी स्टार’ योजनेने अशा थर्मोस्टॅटसाठी कधीकाळी एक नमुना ठरवला होता, त्यात हेच चार टप्पे होते: सकाळी ६ ला उठायचं, ८ ला निघायचं, संध्याकाळी ६ ला परतायचं, रात्री १० ला निजायचं. मी तो नमुना वाचला आणि थबकलो. हे तर माझं आयुष्य होतं. वर्षानुवर्षं मी सहाला उठलो, आठला घर सोडून पनवेल लोकल पकडली, सव्वा तासाहून अधिक वेळ लटकत सीएसएमटी गाठलं आणि संध्याकाळी तीच वाट उलटी तुडवली. फक्त तेव्हा घरात एसी नव्हता. वेळापत्रक होतं तेव्हा एसी नव्हता, आणि आता एसी आहे तर वेळापत्रक नाही. उठण्याची वेळ काय लिहायची? कधी साडेचार, कधी सात, ते गुडघ्यावर असतं. निघणं? ही भाजीला जाते, मी वडाळे तलावावर चक्कर मारायला जातो, पण आम्ही दोघं एकदम कधी निघत नाही. घराला कुणीतरी लागतं, अशी आमची समजूत आहे. ‘परतणं’च्या कप्प्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. आमच्याकडे परतणारा माणूस एकच, तोही दोन वर्षांतून एकदा, डिसेंबरात. त्या कप्प्यात साल घालायची सोय नाही.

फोन बरोबर असला तर तुम्ही घराबाहेर पडलात हे यंत्राला आपोआप कळतं, असंही एक कलम होतं. ते दोन दिवस चालू ठेवलं. माझा फोन मी नेहमीप्रमाणे घरीच विसरून तलावावर गेलो; यंत्राच्या मते मी एसीत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी हिने चुकून माझा फोन पिशवीत टाकून मंडई गाठली. यंत्राने मला घराबाहेर काढून एसी बंद केला आणि मी दुपारची झोप मोडून घामाघूम उठलो. स्वतःच्या घरात हजर असूनही गैरहजर लागणं हे शाळेनंतर प्रथमच.

तापमानाचा वाद सोपा नव्हता. आमच्या भाच्याचा विश्वास आहे की एसी १६ वर लावला की खोली लवकर गार होते. मी त्याला समजावलं की थर्मोस्टॅट म्हणजे फक्त कुठे थांबायचं याची खूण; आपल्या साध्या एसीतला काँप्रेसर एकाच चालीने चालतो, आकडा १६ असो की २४. पनवेलहून खांदेश्वरला लवकर पोहोचावं म्हणून सीएसएमटीचं तिकीट काढलं तर गाडी वेगाने धावते का? फार तर खांदेश्वर मागे टाकून तू पुढे जाशील. त्याला पटलं नाही, पण सरकारला पटलं असावं. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसीचा मूळ आकडा २४ ठेवणं बंधनकारक झालं, आणि एकेक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. २०२५ च्या जूनमध्ये तर केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी २० च्या खाली आणि २८ च्या वर एसी जाऊच नये अशी मर्यादा आणण्याचा विचार बोलून दाखवला. मी २४ वर थांबलो. ही म्हणाली, “पहाटे गार पडतं, मला खोकला येतो.” पण निजण्याचा कप्पा एकच होता, दहा ते सहा. पहाटेसाठी वेगळा कप्पा कुठे करायचा हे मुलीला माहीत असणार, पण तिचा क्लास होता. मुलाशी बोलताना खोकल्याचा विषय निघाला, तसे बाकीचेही बरेच निघाले, आणि फोन संपला.

या यंत्राचा मूळपुरुष कोण, हे मी मागाहून वाचलं. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या एका डच गृहस्थाने अंडी उबवण्याची पेटी केली होती, तिच्यातली उष्णता आपोआप सांभाळली जाई. म्हणजे ही सगळी विद्या मुळात खुडूक कोंबडीची. पण मला जास्त आवडले ते वॉरन जॉन्सन. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या शिक्षक-विद्यालयात ते शिकवत. तिथला शिपाई वर्गांत येऊन गारठा किती आहे ते पाही आणि तळघरात जाऊन उष्णतेची झडप कमीजास्त करी. शिकवण्यात दर वेळी खंड पडतो म्हणून जॉन्सननी वर्गातल्या तापमानावर तळघरातली घंटा वाजेल असं विजेचं उपकरण केलं आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. गंमत अशी की उष्णता कमीजास्त करणारा माणूस जागच्या जागीच राहिला. त्याला फक्त कधी उठायचं ते कळू लागलं.

आमच्या जुन्या पनवेलच्या कौलारू घरात घंटा नव्हती. दिवसा आई सांभाळायची: अकराच्या आत पूर्वेच्या खिडक्या बंद, उतरत्या उन्हात ओसरीवर पाण्याचा शिडकावा, आणि तळ्याकडून वारा सुटला की सगळी दारं सताड. रात्र अण्णांकडे. आम्ही चार भावंडं एका रांगेत झोपायचो आणि वर एकच पंखा, काळ्या रेग्युलेटरचा, त्यावर एक ते पाच आकडे. झोपताना तो पाचवर असे. उत्तररात्री हवा बदलते. कोकणपट्टीत मे महिन्यातही एक घटका अशी येते की घाम वाळतो आणि अंगावर काटा उभा राहतो. त्या घटकेला अण्णा उठायचे. अंधारात पायांनी चाचपत, कुणाच्या बोटावर पाय न देता रेग्युलेटरपाशी जायचे आणि पाचाचे दोन करायचे. टक, टक, टक. मग चादरी. मी जागा असलो तरी झोपलेला असायचो, कारण जागं असणाऱ्याला चादर स्वतः घ्यावी लागे. सकाळी ते आईला सांगायचे, “पंखा हळू केला, तेवढीच वीज वाचली.” पुढे कारखान्यातल्या एका वायरमनने मला सांगितलं की त्या जुन्या रेग्युलेटरमध्ये नुसती तारेची गुंडाळी असायची, पंखा हळू झाला तरी उरलेली वीज बरीचशी त्या डब्यातच तापून जायची. डबा हाताला चटका देई तो त्यामुळे. अण्णांना मी हे कधी सांगितलं नाही. ते रोज वीज वाचवत राहिले.

तर अशी डबी भिंतीवर, कालनिर्णयाखाली, दोन चिमट्यांसह नांदू लागली. पहिल्या आठवड्यात दोनदा वीज गेली. दर वेळी वायफाय जरा उशिराने उठे आणि डबी निळा दिवा लुकलुकवत त्याची वाट पाही, एवढंच. उठणं मी सहाला लिहून टाकलं. निघणं आणि परतणं मुलीने पुसून दिलं. निजणं रात्री दहा, अंश चोवीस.

गेल्या आठवड्यात सकाळी ही म्हणाली, “अहो, आज खोकला आला नाही. तुम्ही रात्री उठून एसी कमी केलात का?” मी उठलो नव्हतो, म्हणजे गुडघ्यामुळे जाग आली होती, पण रिमोटला हात लावला नव्हता. शेजारच्या मुलीला विचारलं. तिने ॲपमध्ये कुठेतरी खोल जाऊन एक यादी काढली, तिथे यंत्र सगळं लिहून ठेवतं. मधली खोली, पहाटे ३ वाजून १० मिनिटे, २४ वरून २६. त्याच्या आदल्या रात्रीही, तीन वाजून काही मिनिटांनी. त्याच्याही आदल्या रात्री. कार्यक्रमात असलं काही भरलेलं नव्हतं. समोर बदल करणाऱ्या फोनचं नाव होतं, ते आमच्या मुलाच्या फोनचं. मिनियापोलिसला तेव्हा आदल्या दिवसाच्या दुपारचे चार चाळीस झालेले असतात.