अक्का आणि गाळलेल्या जागा

"मास्तर, पाच हजार शब्द पाठ असल्याबिगर अमेरिकेत घेत न्हाईत म्हणं. खरं हाय काय?"

अक्कांचं असंच असतं. आधी भिंतीपलीकडून प्रश्न येतो, मग त्यामागची बातमी, आणि ती कुणाच्या घरची हे सगळ्यात शेवटी. आज बातमी त्यांच्याच घरची निघाली. नात इचलकरंजीला डीकेटीईत टेक्स्टाइलच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढं एमएसला अमेरिकेत जायचं म्हणते, त्यासाठी जीआरई द्यायची. पुण्याच्या मामानं आपल्या वेळचं बॅरन्सचं जाडजूड पुस्तक कुरिअरनं धाडलंय. त्यातल्या साडेतीन हजार शब्दांच्या यादीपायी एका अख्ख्या पिढीनं रात्री जागवल्यात. वर एका क्लासवाल्यानं स्वतःची दीड हजारांची यादी गळ्यात मारली. झाले पाच हजार.

"घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात बगा. आरशाला, फ्रिजला, देव्हाऱ्याच्या दाराला. काल पिठाच्या डब्यावर एक घावली. मी म्हटलो, ह्यो कसला मंत्र गं? तर म्हणती, आज्जी, त्येचा अर्थ लई बडबड करणारा. मी म्हटलो, मग डब्यावर कशाला, माझ्या कपाळाला चिकटीव की!"

(आमच्याकडं बायका 'मी म्हटलो', 'मी आलो' असंच बोलतात. पुण्याच्या मामाचा जन्म इथलाच, पण आता त्याला त्याचं हसू येतं.)

मी म्हटलं, अक्का, मामाचं पुस्तक खोटं नाही, पण ती परीक्षाच आता राहिली नाही. मामाच्या वेळी एक सुटा शब्द द्यायचे आणि त्याच्या उलट अर्थाचा शोधायला लावायचे. नाहीतर जोड्या लावायच्या: सुताराला रंधा, तर शिंप्याला काय? तिथं शब्द ठाऊक नसला की खेळ खलास. म्हणून ती पाठांतराची झोंबाझोंबी. गुण तेव्हा 200 ते 800 मध्ये मिळायचे. ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या अमेरिकी संस्थेनं ऑगस्ट 2011 मध्ये हे दोन्ही प्रकार काढून टाकले आणि गुणांची पट्टी 130 ते 170 केली. तेव्हापासून शब्द एकटा येत नाही, वाक्यातून नाहीतर उताऱ्यातूनच येतो. 22 सप्टेंबर 2023 पासून तर पावणेचार तासांची परीक्षा एक तास 58 मिनिटांवर आली. त्यात इंग्रजीच्या भागाला 27 प्रश्न आणि 41 मिनिटं, तेही दोन तुकड्यांत. पहिला तुकडा कसा गेला ते बघून दुसरा सोपा द्यायचा की अवघड, हे संगणक ठरवतो. आणि या प्रश्नांतले निम्मे तर उताऱ्यांवरचेच.

"म्हंजे शब्द लागतच न्हाईत?"

"लागतात. पण पाच हजार नव्हे, आणि डब्यावर चिकटवलेले तर नव्हेच."

अक्कांना हे पटलं नाही. हातातल्या शेंगा फोडायच्या थांबल्या, म्हणजे आता पुरावा द्यायला हवा. म्हटलं, एक वाक्य पुरं करा. 'पोराचं लग्न ठरलं म्हणून गावभर पेढे वाटले, तरी पाटलांचा चेहरा मात्र...' पुढं सहा शब्द देतो: खुललेला, उतरलेला, गोरा, फुललेला, पडलेला, घामेजलेला. यातले दोन असे निवडा, की कुठलाही घातला तरी वाक्याचा मतलब तोच राहील.

"उतरलेला आन पडलेला. त्यात काय? पर ह्ये पाटील कंचं? खालच्या गल्लीतलं काय? देण्याघेण्यावरनं फिस्कटलं व्हय?"

कुठलेच पाटील नव्हेत हे पटवण्यात बराच वेळ गेला. पण उत्तर त्यांनी एका दमात दिलं होतं, आणि जीआरईतला तो एक अख्खा प्रकार आहे. सहा पर्याय, दोन उत्तरं, दोन्ही बरोबर आली तरच गुण. 'खुललेला' आणि 'फुललेला' हीही जोडीच आहे, फक्त ती या वाक्यात बसत नाही. पाठांतरवाला पोरगा एका अर्थाचे दोन शब्द दिसले की झडप घालतो आणि तिथंच सापडतो. 'घामेजलेला' ओढूनताणून बसवता येईल, पण त्याला जोडीदार नाही. अक्कांनी हा सगळा विचार केला नाही. त्यांनी 'तरी' ऐकलं, 'मात्र' ऐकलं, आणि पाटलांकडं काहीतरी बिनसलंय हे ताडलं.

इंग्रजीतही हेच. 'ऑल्दो', 'डिस्पाइट', 'फार फ्रॉम' असले बारके शब्द वाक्याचं तोंड कुठं वळलंय ते सांगतात. त्यांच्या चिठ्ठ्या कुणी करत नाही, कारण ते सगळ्यांना 'येतात'. दुसऱ्या प्रकारात एका परिच्छेदात एक ते तीन जागा गाळलेल्या असतात. तीन असतील तर तिन्ही बरोबर हव्यात, दोन बरोबर आल्या म्हणून दोन तृतीयांश गुण नाहीत. मात्र चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळं कोरा प्रश्न सोडून येणं हा शुद्ध वेडेपणा. हे मी नातीलाही सांगितलंय, पण तिचा विश्वास क्लासवाल्यावर.

आणखी एक खोड या परीक्षेला आहे. ओळखीचाच शब्द अनोळखी कामाला लावायचा. 'क्वालिफाइड' म्हटलं की आमची पोरं डिग्रीवाला समजतात. परीक्षेत 'क्वालिफाइड' स्तुती येते, म्हणजे हातचं राखून केलेली. अक्कांना हे समजावायला लागलं नाही.

"आमच्या वैनी सुनेला म्हणत्यात तसं की! स्वयंपाक ग्वाड करती, *केला तर*."

वैनी भिंतीच्या त्याच बाजूला कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी ऐकलं. पुढची काही मिनिटं जीआरई बाजूलाच राहिली.

गाडी रुळावर आणली तीही वैनींनीच. म्हणाल्या, तुमच्या नातीचं राहू द्या, वरच्या आळीतल्या त्या पोराचा व्हिसा नाकारला ते कळलं का?

"तेच म्हणतो मी," अक्का म्हणाल्या. "इंग्लिश कच्चं. ह्या परीक्षेतच घसरला असणार."

म्हटलं, अक्का, उताऱ्यात एवढंच आहे की व्हिसा मिळाला नाही. इंग्लिश कच्चं हे तुम्ही घातलंत.

"मी न्हाई घातलं. त्येच्या चुलतीनं घातलं. मी नुसतं सांगितलो."

आता हा तर नेमका परीक्षेतला प्रश्न. लेखकाचं स्वतःचं म्हणणं कोणतं आणि त्यानं दुसऱ्याचं म्हणून सांगितलेलं कोणतं? उताऱ्यात कोणती गोष्ट गृहीत धरलीय? कोणती नवी माहिती आली तर हा तर्क लंगडा पडेल? उतारा कधी शेवाळ्यावर असतो, कधी एखाद्या विस्मृतीत गेलेल्या चित्रकर्तीवर. त्या विषयातलं तुम्हाला काय येतं याला काडीची किंमत नाही, समोर छापलेल्यातून काय निघतं तेवढंच बघायचं. काही प्रश्नांना तीन पर्यायांतले एक, दोन की तिन्ही बरोबर हेही सांगत नाहीत. तो पोरगा जीआरईत घसरल्याचा पुरावा उताऱ्यात नाही, आणि व्हिसा देणारा अधिकारी जीआरईच्या गुणांवर व्हिसा देत-नाकारत नाही. ते पैसे, कागद आणि परत यायचा इरादा यांचं प्रकरण.

आमच्या बोरगावात जीआरई, टोफेल, आयइएलटीएस ही तिन्ही नावं एकाच परीक्षेची असल्यासारखी घेतात. टोफेल आणि आयइएलटीएस हे बघतात की तुम्हाला इंग्रजी समजतं का, बोलता-लिहिता येतं का. ज्यांची ती मायबोली नाही त्यांच्यासाठीच त्या परीक्षा. जीआरई मात्र अमेरिकेतली पोरंही देतात. हल्ली तर तिथल्यापेक्षा भारतातली पोरं जास्त देतात, आणि आपल्या पोरांची गणिताची सरासरी इंग्रजीच्या सरासरीपेक्षा बरीच वर असते. म्हणजे इंग्रजीत मागं पडायचा हा रोग एकट्या बोरगावचा नव्हे.

"काढली कुणी ही परीक्षा?" वैनींना कशाचंही मूळ लागतं.

1936 साली कार्नेगी फाउंडेशननं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांना धरून ती प्रयोग म्हणून सुरू केली. पुढं 1948 मध्ये ती ईटीएसकडं आली. कोलंबियाचं नाव निघालं की मला दुसरीच तारीख आठवते. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबियाला गेले, तेव्हा ही परीक्षा जन्मालाही आली नव्हती. एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए झालेला माणूस, कोलंबियाच्या ग्रंथालयात बसून वाचत राहिला आणि 1915 मध्ये एमए झाला. तेच बाबासाहेब एप्रिल 1925 मध्ये आपल्या निपाणीला बहिष्कृत परिषदेसाठी आले होते. कोलंबियात शिकलेल्या माणसाचं भाषण इथून एका एसटीच्या अंतरावर झालं, आणि आमची पोरं समजतात की अमेरिकेतलं शिक्षण म्हणजे कुणीतरी दुसऱ्यांनीच करायची गोष्ट.

तसं परराज्यात शिकायला जाणं आम्हाला नवं नाही. निपाणीकर राहतात कर्नाटकात आणि देवचंद कॉलेजला जातात अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. अक्कांची नातही रोज राज्य ओलांडूनच टेक्स्टाइल शिकते, आणि सीमेवर काही पेटलं की एसटी बंद म्हणून घरी बसते. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, तिनं सव्वाशे गुणांची पहिली भाषा म्हणून मराठी घेतली, कन्नड घेतलं, इंग्रजी घेतलं, हिंदी मोबाइलनं शिकवली. चार भाषांत वावरणारी पोरगी. तिची अडचण शब्दांची नाही. तिनं आजवर इंग्रजीत जे वाचलंय ते सगळं सरळ रेषेत चालणारं आहे: यंत्राची माहिती, नोट्स, गाइड. सूत असं कातलं जातं, ताणा असा भरतात, संपलं. असलं वाक्य कधी वळण घेत नाही. जीआरईतलं वाक्य आधी एक म्हणतं, मग ते अर्धं मागं घेतं, आणि शेवटी तिसऱ्याच कुणाला टोमणा मारून जातं. त्याची सवय यादीनं होत नाही. त्यासाठी लांबलचक इंग्रजी लेख वाचावे लागतात, कंटाळवाण्या विषयावरचेसुद्धा, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून 'हा माणूस म्हणतोय काय' हे मराठीत एका ओळीत सांगावं लागतं. मी नातीला म्हटलंय, संध्याकाळी माझ्याकडं ये, आपण तेवढंच करू. तिला वाटतं मास्तर म्हातारे झाले.

परीक्षा घरून देता येते हे ऐकल्यावर मात्र अक्का खुलल्या. मग मी अटी सांगितल्या. खोलीत एकटंच बसायचं, दार बंद. टेबलावर काही नको. कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची. कान उघडे, हेडफोन नाही. मोबाइलवर चालत नाही, संगणकच हवा. कच्चं काम पुसता येणाऱ्या पाटीवर करायचं आणि शेवटी ते पुसलेलं दाखवायचं. मधे सुट्टी नाही, खाणंपिणं नाही, कुणी आत आलं तर परीक्षा रद्द होऊ शकते.

"च्या पन न्हाई द्यायचा?"

"चहा नाही."

"दोन तास दार लावून बसली तर आमचं म्हातारं दार फोडंल की. पोरीला काय झालं म्हणून."

त्यात लाइट जाणार, कुत्री भुंकणार, कुणाच्या तरी बारशाचा स्पीकर लागणार. माझ्या मते तिनं सरळ पुण्याला मामाकडं जाऊन केंद्रावर परीक्षा द्यावी. मामाचा तेवढा तरी उपयोग होऊ दे. तिथं घसरली तरी 21 दिवसांनी पुन्हा देता येते, वर्षात पाच वेळा. गुण पाच वर्षं चालतात.

"आन पैसं?"

"एका वेळचे वीस हजारांच्या वर."

अक्कांनी दोन शेळ्यांचा हिशेब केला आणि सूप उचललं.

आता जे सांगतोय ते अक्कांना सांगून झालंय, पण अशी एखादी नात घरोघरी असते, म्हणून तुम्हालाही. कोरोनापासून अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी जीआरई ऐच्छिक केलीय, काहींनी काढूनच टाकलीय. आणि एकाच विद्यापीठात एक विभाग मागतो, शेजारचा मागत नाही. या पोरीनं पाच हजार शब्द गोळा केले, पण जिथं अर्ज करायचाय त्या विभागांपैकी कोण जीआरई मागतं हे अजून बघितलेलं नाही. ते आधी बघा. मागत असतील तर ईटीएस स्वतःच पॉवरप्रेपचे पूर्ण सरावपेपर फुकट देते, त्यातला एक घड्याळ लावून सोडवा. क्लासला पैसे द्यायचे की नाही ते त्या दिवशी ठरवा, त्याआधी एक रुपया देऊ नका.