गोव्यापर्यंत पुरेल का?

जमिनीवरच्या माणसाला गाडीचं ॲव्हरेज विचारलं की तो लगेच एक आकडा सांगतो. आकडा थोडा फुगवलेला असतो, पण चालून जातं. खोटा निघाला तर फार तर पंपापर्यंत गाडी ढकलावी लागते. दर्यात ढकलायची सोय नाही. तिथे इंजिन थांबलं की बोट लाटांना आडवी होते, डोलायला लागते आणि बोटीवरचे सगळेजण एकदम टाकीच्या झाकणाकडे बघतात.

आमच्या भावजींनी निवृत्तीनंतर रत्नागिरीत एक जुनी लाकडी बोट घेतली. 30 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, मिरकरवाडा बंदरात म्हणतात तशी ‘दोन सिलिंडरची’. ती घेऊन गोव्याला जायचं ठरलं. अंतर काढायला नकाशा पुरतो. रत्नागिरी साधारण 17 अक्षांशावर, आग्वादचा किल्ला साडेपंधरावर. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे 1852 मीटर. दीड अंशाचे झाले 90 मैल. किनारा आग्नेयेकडे तिरका जातो आणि वेंगुर्ल्यासमोरचे खडक बाहेरून टाळावे लागतात, म्हणून 100 धरायचे. प्रश्न उरला डिझेलचा.

भावजींची नोकरी कारखान्यात मोजमापं करण्यात गेलेली. त्यांनी नवी कोरी वही काढली आणि तांडेलाला विचारलं, “चाचा, तासाला किती डिझेल खाते ही?”

“जितकं टाकाल तितकं,” चाचा म्हणाले.

हे उत्तर वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते ठरेना. टाकीचा काटा बघून ठरवावं म्हटलं, तर बोट डोलली की काटाही डोलतो. शिवाय ही टाकी खाली निमुळती. काटा अर्ध्यावर दिसतो तेव्हा डिझेल अर्ध्याहून बरंच कमी असतं. तळाचे काही लिटर तर हिशोबात धरायचेच नाहीत. तिथे पाणी आणि गाळ साचलेला असतो, लाटांनी तो ढवळला की फिल्टर तुंबतो. त्यातून नळीत हवा शिरली, तर इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी ती काढत बसावं लागतं, तेही नेमकं खडकांसमोर.

मग भावजींनी खुणा केलेला 5 लिटरचा कॅन इंजिनाशेजारी बांधला आणि टाकीची नळी त्यात सोडली. बोट निघाली आणि कॅन बघता बघता रिकामा होऊ लागला. भावजींचा चेहरा पडला. या हिशोबाने गोवा सोडा, विजयदुर्गही महाग पडला असता. चाचांनी तोंडातली बिडी न काढता दुसऱ्या नळीकडे बोट दाखवलं. “साहेब, घेतो ते लिहिलंत, परत देतो ते पण लिहा की!” डिझेल इंजिन जितकं ओढतं तितकं जाळत नाही. उरलेलं परतीच्या नळीने टाकीत सोडतं, आणि ही नळी अजून मोठ्या टाकीतच होती. दोन्ही नळ्या कॅनमध्ये आल्यावर इंजिनाची भूक एकदम संसारी माणसासारखी दिसू लागली.

पुढची गंमत वेगाची. रेस पूर्ण वाढवली की बोट 7 नॉटने, म्हणजे तासाला 7 सागरी मैल, जाई आणि तासाला 6 लिटर डिझेल पिई. 5 नॉटवर आणली की तासाला अडीच लिटर. अशा जड बोटीला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, असं पुस्तकं सांगतात. त्या हिशोबाने सव्वादोन लिटर पुरायला हवं होतं, पण कमी भारावर इंजिन थोडं उधळं होतं. तरी 100 मैलांचं गणित बघा. 7 नॉटने सव्वाचौदा तास आणि साधारण 86 लिटर. 5 नॉटने 20 तास आणि 50 लिटर. आपण लवकर पोचण्यासाठी केवढे पैसे मोजतो, हे रस्त्यावर कधी इतकं स्वच्छ दिसत नाही.

ही मोजणी एकाच दिशेने करून भागत नाही. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीबरोबर बाहेर पडताना आपली बोट जगातली सगळ्यात काटकसरी बोट असते. म्हणून तोच पट्टा उलटही कापायचा, आणि तरीही जमाखर्च बरोबरीत सुटत नाही. संथ पाण्यात 5 नॉटने एक मैल जाऊन परत यायला 24 मिनिटं लागतात. पाण्याला 2 नॉटची ओढ असेल तर जाताना साडेआठ आणि येताना 20, म्हणजे साडेअठ्ठावीस मिनिटं. ओढ जितकं देते त्याहून जास्त वसूल करते. सावकाराचीच रीत. म्हणून मोजायला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळून अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी ओढीचे दिवस, बरा.

बरं, निघालेला आकडाही कायमचा नाही. पावसाळ्यात बोट वर ओढून बूड खरवडून रंगवलेलं असतं, तेव्हा ती वेगळी चालते. मार्चपर्यंत बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटले की तीच बोट तेवढ्याच डिझेलमध्ये कुरकुरत जाते. वाऱ्याचंही तसंच. दुपारनंतरचा खारा वारा वायव्येकडून येतो, म्हणजे गोव्याला जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. जगभरचे बोटवाले एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव असा नियम सांगतात. आमच्या किनाऱ्यावर यायचा वाटा जरा जाड धरावा, असं माझं मत. चाचांचं मतही तेच, फक्त त्यांनी ते डिझेलऐवजी तांदळाच्या पिशवीकडे बघून मांडलं.

सध्या ठरलंय ते असं: वेग 5 नॉट, 50 लिटर जायचे, 65 यायचे, 60 राखीव. निघायचं भांगाच्या दिवशी पहाटे, मतलई वाऱ्यावर. बोटीत अजून दोघांची जागा आहे. येणाऱ्यांनी आपापलं पाणी आणावं, आणि किती वाजता पोचू हे विचारू नये.